माप

चिपळूणला हमदुल्यांच्या दुकानात
भिंतभर टांगलेली रिकामी डोकी बघून
मी सवयीनं आधी मानेकडची कड पाहिली.
एकतीस वर्षं गुहागरात खुर्चीमागे उभा आहे.
लोक मला तोंडावरून ओळखतात,
मी त्यांना टाळूवरून.

शृंगारतळीच्या वळणावर कोण कोण पडलं
ते कंगवा अडला की कळतं.
वेल्हाळांच्या मुलाच्या उजव्या कानामागे
सात टाक्यांची पायवाट आहे, तिथे केस येत नाहीत.
तो म्हणतो, काका, वरून जरा झाका.
बाबल्या मोहित्याच्या कपाळात एक खळगा आहे,
माझा अंगठा बरोबर बसतो.
तिथे मी वस्तरा लावत नाही.
बोलतही नाही.

आता स्वरांगीला नोकरी लागली,
चिपळूणात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये.
पहिली एसटी वेळेत पोचत नाही,
म्हणून काकाची जुनी स्प्लेंडर.
आणि म्हणून आम्ही इथे.

हमदुलेभाईंनी टेप काढली, शिंप्याची असते तीच, पिवळी.
मी म्हटलं, ठेवा ती. मुलीचं डोकं आहे, पाठ आहे मला.
बावन्न.
ती म्हणाली, बाबा, ते पाचवीतलं.

खरंच की.
खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवायचो तिला.
मग मैत्रिणी हसल्या, आणि एका रविवारी
ती आईबरोबर पार्लरला गेली.
त्या दिवशी मी शटर अर्धं ओढून
कालचाच पेपर वाचत बसलो होतो.

भुवयांच्या बोटभर वरून,
मागे कवटी जिथे सर्वात फुगते तिथून,
टेप फिरवली.
छप्पन्न आणि थोडं.
हे थोडं कधी वाढलं?

भाई म्हणाले, दोन मापांच्या मधलं डोकं असलं की लहान घ्या.
स्पंज दबतो, महिन्यात जागा करतो.
सैल हेल्मेट म्हणजे डोक्यावर धरलेलं पातेलं.
हलवून बघा, कपाळाची कातडी बरोबर हलायला हवी.
मी हलवलं. हलली.
ती आतून काहीतरी बोलली,
गाल चेपल्यामुळे बोबडं,
पाचवीच्याही खूप आधीचं.

हनुवटीच्या पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं नको.
माझी दोन गेली.

रंगावरून वाजलंच.
तिला मॅट काळं हवं.
मी म्हटलं, मार्गताम्हाण्याच्या चढावर पावसात
डंपरवाल्याला रात्रही काळी आणि तूही काळी.
पिवळ्यात मी लिंबू दिसेन, ती म्हणाली.
शेवटी पांढरं घेतलं, दोघांनाही न आवडलेलं.
काच साधी. धुरकट नको, सहाला अंधार असतो.

हातमोजे मात्र मी मागितले.
पडणारा माणूस आधी हात पुढे करतो,
आणि आमच्या रस्त्याकडेला जांभ्याची खडी.
तळव्यात शिरली की चिमट्यानं कणकण काढावी लागते.
मी काढली आहे. कुणाची ते सांगत नाही.
तिला तर त्याच हातांनी
उद्यापासून लोकांच्या शिरा शोधायच्या आहेत.

बूट राहिले. पैसे संपले.
घोट्यावर येणारे कॉलेजचे आहेत, चालवू सध्या.
बकलला तेल लावत जा, भाई म्हणाले, खाऱ्या वाऱ्यात गंजतं.
लावीन. वस्तऱ्याचं आहेच.

मग टेप तिनं घेतली.
बाबा, वाका.
मी म्हटलं, मला कशाला, मी मागे बसणार.
मागच्याचं डोकं रबराचं असतं का?
हमदुलेभाई वहीकडे बघत हसले,
तिच्या पहिल्या पगारावर उधारी लिहून घेतली.

एकसष्ट.
एवढं मोठं एकच शिल्लक होतं,
तीन पावसाळे न खपलेलं,
दोन्ही बाजूंनी लाल-केशरी ज्वाळा काढलेलं.

परतताना ती पुढे, मी ज्वाळांत.
डावा कान मोडकाआगरापर्यंत खाजत होता.
बोट काही आत जाईना.